प्रकल्प नोंदी: विटांची थप्पी, मिरचीचा लाल, कौलांचा टाका

३ फेब्रुवारी

काम: एका माणसाची वाकळ, तयार माप ६० × ८४ इंच. नक्षी छापील पुस्तकातली किंवा फोनवर सापडलेली घ्यायची नाही. बेळगाव, खानापूर, हुक्केरी, निपाणी या पट्ट्यात रोज नजरेखालून जाणाऱ्या वस्तूंतूनच घ्यायची.

वहीत प्रत्येक वस्तूला एक पान आणि पानावर तीन रकाने: आकार, रंग, टाका. बघितलेली वस्तू तिन्ही रकान्यांत बसेल अशी अपेक्षा ठेवायची नाही. एखादीचा आकार कामाचा असतो आणि रंग टाकाऊ, एखादीचं उलट. पूर्ण वस्तूच कापडावर उतरवायला गेलं की वाकळ न होता चित्र होतं, आणि तेही बेताचं. म्हणून नियम असा: आकार एका ठिकाणचा, रंग दुसऱ्या ठिकाणचा, टाका तिसऱ्या ठिकाणचा. काठ सोडून चौथी गोष्ट आणायची नाही.

फोटो काढायला हरकत नाही, पण फोटोशेजारी माप लिहायचं. फोटोत जे आवडतं ते बहुतेक वेळा ऊन असतं, आणि ऊन कापडात शिवता येत नाही. कापडाकडे फिकं आणि गडद एवढंच असतं.

६ फेब्रुवारी

कसुतीचे नमुने समोर ठेवून बघितले. धारवाड-बेळगाव भागातली ही भरतकामाची रीत इथे चांगली उपयोगी पडते. गोपुर, रथ, पालखी, तुळशीवृंदावन, हत्ती, कमळ, सगळं अवतीभवतीचं आहे. पण ते सगळं उभ्या, आडव्या आणि तिरक्या रेषेतच उतरतं, कारण टाका कापडाचे धागे मोजून पडतो. गवंटी हा दोन फेऱ्यांत पुरा होणारा धावता टाका, दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. मुरगी पायऱ्यापायऱ्यांनी जाते, नेगी विणल्यासारखी दिसते, मेंथी म्हणजे फुली. त्यामुळे कसुतीतलं कमळ खऱ्या कमळासारखं दिसत नाही, आणि त्याची गरजही नाही. वस्तू आधी टाक्याच्या चाळणीतून गाळली जाते.

आपली चाळण वेगळी: सरळ कात्री, सरळ शिवण, पाव इंच मार्जिन (शिवणीबाहेर सोडलेली कड). या चाळणीतून जे खाली येईल तेवढंच घ्यायचं.

९ फेब्रुवारी

पाहिलेल्या वस्तू आणि निकाल.

उसाच्या ट्रॉलीची मागची बाजू, कापलेल्या बुडख्यांचे शेकडो गोल. दिसायला अप्रतिम, शिवायला बाद. एवढे लहान गोल म्हणजे प्रत्येक कड दुमडून हाताने तुरपायची, आणि अंथरुणात रोज घासलं जाणारं कापड तिथेच आधी उसवतं. फार तर उशीच्या अभ्र्याला.

जुन्या घरांच्या व्हरांड्यातली सिमेंटची जाळी. चौकोनात कर्ण, कर्णावर अर्धा चौकोन. सरळ शिवणीत उत्तम बसते, पण असे त्रिकोण जगभर कुठेही शिवले जातात; इथली म्हणून काही वेगळं उरत नाही. राखीव.

उंबऱ्यापुढची ठिपक्यांची रांगोळी. आकार म्हणून नको, टाका म्हणून चालेल: ठिपक्याच्या जागी गाठ मारून थर बांधता येतात.

निपाणीकडची वाळत घातलेली तंबाखूची पानं. तपकिरीच्या पाच-सहा छटा मिळतात, पण सगळ्या गडदपणात जवळजवळ सारख्या. कापडात आल्या की गढूळ दिसतील.

इलकल (इरकल) साडीचा टोपतेनी पदर. लालात पांढऱ्या शिखरांची ओळ, पट्ट्यांचं प्रमाण पक्कं. तो आधीच पूर्ण झालेला नमुना आहे, त्याची नक्कल कशाला? काठ मात्र घ्यायचा.

वीटभट्टीवर वाळायला लावलेल्या कच्च्या विटा, संकेश्वरी मिरचीचं खळं आणि खानापूरची कौलं यांना सविस्तर पानं दिली आहेत.

१२ फेब्रुवारी: आकार

दिवाळीनंतर पावसापर्यंत भट्ट्या चालतात, तेव्हा कच्च्या विटा सगळीकडे रचलेल्या दिसतात. वाळवायच्या विटा एकमेकींना चिकटवून लावत नाहीत, वारा खेळायला फट हवी. एका थरातल्या सगळ्या विटा कडेवर उभ्या आणि डावीकडे कललेल्या, वरच्या थरातल्या उजवीकडे. थर जेवढे वाढतील तेवढं दुरून माशाच्या काट्यासारखं दिसतं.

यातलं शिवणीत काय उतरतं: एका रांगेत सारख्या रुंदीच्या तिरक्या पट्ट्या, पुढच्या रांगेत उलट कल, मग पुन्हा पहिला. वळण कुठेच नाही. भट्टीवर कोन थोडा इकडेतिकडे असतो, आपण ६० अंश धरला, कारण कंपासपेटीतल्या ३०-६० च्या गुण्याने तो आखता येतो आणि प्रत्येक वेळी तोच येतो.

आणखी एक गोष्ट लक्षात घेतली. वरच्या थरातली वीट खालच्या विटेच्या टोकावर नेमकी येत नाही, जिथे बसेल तिथे बसते. टोकं जुळवण्याची सक्ती मुळातच नाही. हे पुढे फार कामाला येणार आहे.

१४ फेब्रुवारी: हिशोब

चारी बाजूंनी तीन इंच काठ धरला तर आतला भाग ५४ × ७८ इंच. रांगेची तयार उंची सहा इंच, म्हणजे तेरा रांगा. सात एका कलाच्या, सहा दुसऱ्या.

पट्टी तयार रुंदी दोन इंच, कापायची अडीच. ६० अंशात कलल्यावर प्रत्येक पट्टी आडव्या रेषेवर साधारण २.३१ इंच जागा खाते. रांगेची लांबी शिवणीसकट साडेचोपन्न, शिवाय कलामुळे टोकाला पावणेचार इंच जास्त भरावं लागतं. बेरीज ५८.२५, भागिले २.३१, म्हणजे २६ पट्ट्या. तेरा रांगांना ३३८.

पट्टीची लांबी काढताना चूक होते ती अशी: रांग सात इंच उंच म्हणून पट्टी सात इंचांची कापली जाते. तिरकी ठेवल्यावर तीच उंची गाठायला आठ इंच लागतात, आणि पट्टीची टोकं चौकोनी असल्याने कोपरे भरायला आणखी दीड. साडेनऊ हा कमीत कमी आकडा. दहा इंच कापायच्या.

४४ इंच पन्ह्याच्या कापडात किनार सोडून ४२ मिळतात, म्हणजे एका आडव्या कापात दहा इंचांच्या चार पट्ट्या. सगळं मिळून साडेपाच मीटरच्या आसपास. आटण्यासाठी अर्धा मीटर वर.

१७ फेब्रुवारी: रंग

संकेश्वरी मिरची बारीक, लांब आणि तिखट. खळ्यावर पसरली की लाल एकच दिसतो. जवळ बसून बघितलं की एकच नाही. आज तोडलेली नारिंगीकडे झुकते, दोन-तीन उन्हं खाल्लेली मध्यम लाल, पूर्ण वाळलेली गडद, खालच्या बाजूला दबलेली तपकिरी लाल, दव खाऊन खराब होत आलेली काळपट. निवडताना बाजूला टाकलेल्या ढिगात पांढुरकी पडलेली मिरची असते. आणि सगळ्यात थोडी, पण सगळ्यात उठून दिसणारी, देठांची हिरवट-पिवळी छटा. (ब्याडगीचं खळं वेगळं: तिचा लाल मुळातच गडद आणि सुरकुत्यांत काळसर. ती घेतली असती तर ही वाकळ बरीच काळोखी झाली असती.)

प्रमाणही खळ्यावरूनच उचललं. सगळे रंग सारख्या संख्येने घेतले की खळं दिसत नाही, रंगपेटी दिसते.

मध्यम लाल ९६, गडद लाल ८४, तपकिरी लाल ६०, नारिंगी लाल ३८, काळपट २६, पांढुरका २०, देठाचा १४. बेरीज ३३८. मीटरमध्ये: मध्यम पावणेदोन, गडद एक मीटर पस्तीस से.मी., तपकिरी एक, नारिंगी पाऊण, काळपट अर्धा. पांढुरका ३५ से.मी. आणि देठाचा ३० से.मी., म्हणजे धुतल्यावर आटलं तरी पुरेल.

कापड कुठून: वडगाव-खासबागेतल्या मागांकडचे किलोवर मिळणारे तुकडे आधी उलथेपालथे केले. सुती निवडून घ्यायचे. एक धागा ओढून जाळला की कळतं: सुताची राख भुरभुरीत होते, कागद जळल्यासारखा वास येतो, पॉलिस्टरची कडक मणी होते. उरलेलं पॉपलिन आणि केंब्रिक बाजारातून. रुबिया घेतलं नाही, वाकळीच्या वरच्या थराला ते पातळ.

तुकडे टेबलावर मांडून फोनवर काळा-पांढरा फोटो काढला. मध्यम लाल आणि तपकिरी लाल त्यात एकसारखे राखाडी आले. रंग वेगळे असले तरी गडदपणा एकच, म्हणजे तीन मीटरवरून दोन पट्ट्यांमधली शिवण दिसणारच नाही. तपकिरी एक पायरी गडद घेतला. हा फोटो खरेदीच्या आधी, दुकानातच काढलेला बरा.

२० फेब्रुवारी: लाल रंग आणि पाणी

लाल सुती कापड धुतल्याशिवाय कापायचं नाही, यावर वाद नको. प्रत्येक छटेचा दोन इंचाचा तुकडा आणि पांढऱ्या मांजरपाटाचा तुकडा काचेच्या ग्लासात गरम पाण्यात अर्धा तास. पाणी रंगलं तरी घाबरण्यासारखं काही नसतं, तो वरवर बसलेला जास्तीचा रंग असू शकतो. बघायचा तो मांजरपाट. तो गुलाबी झाला की धोका. ते कापड पुन्हा धुवायचं, पुन्हा ग्लास. तिसऱ्या खेपेलाही मांजरपाट रंगला तर कापड बाद, कितीही सुंदर असलं तरी. आज गडद लालातला एक तुकडा असा बाद झाला.

मीठ-व्हिनेगरचा उपाय सगळीकडे सांगितला जातो. तयार रंगवलेल्या कापडाचा सुटणारा रंग त्याने पक्का होत नाही. मीठ लागतं ते कापड रंगवताना, नंतर नव्हे.

धुतलेलं कापड सावलीत वाळवलं, ओलसर असतानाच इस्त्री केली, मग खळ. साबुदाण्याची पातळ खळ पुरे: एक मोठा चमचा साबुदाणा, लिटरभर पाणी, शिजवून गाळून. कडक कापड मापात कापलं जातं आणि तिरक्या कापात कमी ताणतं. खळ दिलेलं कापड लवकर वापरायचं; ठेवून दिलं तर झुरळं येतात.

२३ फेब्रुवारी: तिरक्या कडेचा प्रश्न

दोन वाटा होत्या. पहिली: लांब पट्ट्या एकमेकींना जोडून मोठं कापड करायचं आणि ते ६० अंशात कापून रांगा काढायच्या. काम वेगाने होतं. पण रांगेची दोन्ही लांब कडं उरेबाच्या (धाग्यांना तिरक्या, कर्णातल्या कापाच्या) जवळ जातात. उरेब कापड ओढलं की लांबतं. चोपन्न इंचांची रांग शिवता शिवता छप्पन्न होते, दुसरी पंचावन्न. तेरा रांगा जोडल्या की वाकळीच्या कडा लाटांसारख्या हलतात, आणि मग कितीही इस्त्री केली तरी ती सपाट बसत नाही.

दुसरी वाट घेतली: खाली आधाराचं कापड. जुनं धोतर यासाठी सगळ्यात चांगलं, मऊ, पातळ, धुऊन धुऊन आटायचं राहिलेलं नाही. सात इंच रुंद, ५६ इंच लांब अशा तेरा पट्ट्या, लांबी उभ्या धाग्यातच. आडव्या धाग्यात कापलं तर आधारच ताणतो आणि सगळा खटाटोप वाया. पंचेचाळीस इंच पन्ह्याच्या धोतरातून शेजारी शेजारी सहा निघतात, साडेचार मीटरमध्ये काम भागतं.

आधाराच्या पट्टीवर गुण्याने ६० अंशाची रेष, पेन्सिलने. मग दर साडेअकरा इंचांवर तशीच रेष, म्हणजे पाच पट्ट्यांचा टप्पा. आधाराच्या सहा पट्ट्यांवर कल उलटा आखायचा. त्या आधीच वेगळ्या गठ्ठ्यात बांधून ठेवल्या.

२५ फेब्रुवारी ते ९ मार्च: रांगा शिवणं

पहिली पट्टी सुलट बाजू वर करून आखलेल्या रेषेला लावायची. दुसरी तिच्यावर उलटी, उजव्या कडा जुळवून. पाव इंचावर शिवण, आधारासकट. दुसरी उलटवायची, नखाने शिवण मोडायची, इस्त्री. तिसरी तशीच.

मशीनचा टाका दोन मि.मी. ठेवला. यापेक्षा लांब टाका रांगा मापात कापताना कडेला सुटतो.

बिघडतं ते इथे. प्रत्येक मार्जिन एक मि.मी. जास्त गेलं तर पट्टी दोन्ही बाजूंनी मिळून दोन मि.मी. अरुंद होते. सव्वीस पट्ट्यांत, तिरका हिशोब धरून, रांग साठ मि.मी. कमी पडते. सव्वादोन इंचांहून जास्त! एकेका शिवणीत ते दिसतही नाही. म्हणून साडेअकरा इंचांच्या रेषा: पाचव्या पट्टीची कड रेषेला लागली पाहिजे. दोन मि.मी. पर्यंत फरक पुढच्या दोन पट्ट्यांत वाटून घ्यायचा. त्याहून जास्त असेल तर उसवायचं.

दुसरा बिघाड, पट्ट्या पंख्यासारख्या उघडत जाणं. वरच्या टोकाला मार्जिन जास्त, खाली कमी. याचं कारण बहुतेक वेळा हातात असतं: शिवण संपत आली की कापड मशीनच्या पायाखालून ओढलं जातं. टोकाचे दोन इंच कापडाला हात न लावता जाऊ द्यायचं.

रंगांचा क्रम: चिठ्ठ्या टाकून नको. सगळ्या पट्ट्या एका टोपलीत मिसळून हाताला येईल ती घेतली तर तीन गडद शेजारी शेजारी येतातच. प्रत्येक रांगेची सव्वीस आधी जमिनीवर मांडली. देठाचा रंग एका रांगेत एक, फक्त शेवटच्या रांगेत दोन. पांढुरका काळपटाच्या शेजारी कधीच नाही. तिथे डोळा अडकून बसतो आणि बाकी काही बघत नाही.

११ मार्च

रांगा साडेसहा × साडेचोपन्न इंचांत कापल्या, आधाराची बाजू वर ठेवून. कापण्याआधी कापायच्या रेषेच्या आत एक सूत (इंचाचा आठवा भाग) अंतरावर धावती शिलाई मारली, नाहीतर तिरक्या पट्ट्यांची टोकं हाताळताना विस्कटतात.

टाकाऊ त्रिकोणी कापट्या फेकल्या नाहीत, पिशवीत.

१४ मार्च: रांगा जोडणं

डाव्या कलाची टोकं उजव्या कलाच्या टोकांना जुळवायची की नाही? जुळवली तर धारदार नागमोड मिळते, पण प्रत्येक जोडात पंचवीसेक ठिकाणी नेमकं जुळवावं लागतं, आणि एक जरी दोन मि.मी. सरकलं तर नजर तिथेच जाते. शिवाय जुळलेल्या ठिकाणी दोन्ही रांगांच्या जाड शिवणी एकावर एक येतात.

भट्टीवरच्या थप्पीचं ऐकलं. प्रत्येक रांग मुद्दाम अर्ध्या पट्टीने, म्हणजे सव्वा इंचाला किंचित कमी, सरकवून जोडली. जवळजवळ जुळलेलं वाईट दिसतं, स्पष्ट न जुळलेलं चांगलं दिसतं.

टाचण्या दर दोन इंचांवर. मधून सुरुवात, मग दोन्ही टोकं. मार्जिन एका रांगेचं वर, दुसरीचं खाली न मोडता सगळी एकाच दिशेला, खाली.

१८ मार्च: काठ

जुन्या सहावारी इलकलीचे दोन्ही काठ सोडवले. लागतात २७८ इंच, साधारण सात मीटर. एका साडीच्या दोन काठांत अकरा मीटर मिळतात. गोमी नक्षीचा काठ निवडला. चिक्की नक्षीही होती, पण बारीक, आणि शेजारी तिरक्या पट्ट्या आल्यावर ती हरवते.

इलकल कापताना एक सांभाळायचं. पदर आणि अंग जिथे मिळतात तिथे दोन्हीकडचे उभे धागे एकमेकांत कोंडी घालून अडकवलेले असतात. त्या रेषेवर कातर लावली की ते सुटतात. तुकडा त्या रेषेच्या अलीकडे तरी किंवा पलीकडे तरी.

काठ रेशमी किंवा रेयॉनचा, आतला भाग सुती. काठ थोडा सैल धरून शिवायचा, ताणून नव्हे. ताणला तर पहिल्या धुण्यानंतर कडेला चुण्या पडतात. इस्त्री मध्यम आचेवर, वर ओलं सुती फडकं. कोपरे कर्णात न जोडता सरळ टोकाला टोक लावून, आधी दोन लांब बाजू, मग दोन आखूड. गोमीची नक्षी कोपऱ्यात तशीही जुळत नाही.

२१ मार्च: मधला आणि खालचा थर

ठरवताना दोन जुनी लुगडी मध्ये आणि एक खाली असं होतं. पण वरच्या थराला धोतराचा आधार आधीच आहे. नुसत्या पट्टीवर वरचं कापड, आधार, मधला, खालचा असे चार थर. तिरक्या शिवणीवर सहा. रांगेच्या जोडावर आठ, आणि तिरकी शिवण तिथे येऊन मिळते तिथे त्याहून जास्त. नमुन्याच्या तुकड्यावर सुई घालून बघणाऱ्या पोरीने सरळ सांगितलं, ‘काकी, ह्यात सुई जायची न्हाई.’ मधला थर एकच ठेवला. बेळगावच्या थंडीला पुरेल.

लुगडं पारखताना उजेडासमोर धरायचं, मग दोन अंगठ्यांत ताणायचं. चर्र आवाज आला की ते फक्त मधल्या थराला. बसण्याच्या जागी आणि निऱ्यांच्या खाली साडी आधी विरते. काठाकडचा भाग टिकतो. खालच्या थराला टिकाऊ भागच.

दोन्ही थर ६४ × ८८ इंच. साडीचा पन्हा पुरत नाही, म्हणून ८८ इंचांचे दोन तुकडे जोडायचे. खालच्या थराचा जोड मध्यावर आणि मधल्याचा बाजूला, एकावर एक येऊ द्यायचे नाहीत.

२३ मार्च: थर लावणं

फरशीवर खालचा थर उलटा, कडांना कागदी चिकटपट्टी. ताठ हवा, ओढलेला नको; ओढून चिकटवला तर सोडल्यावर आखडतो आणि पाठीला चुण्या. मधला थर तळव्याने सपाट करत. वर पट्ट्यांचा थर. कच्चा दोरा पांढरा, दर सहा इंचांवर, मध्यापासून चारी बाजूंना.

इथे सिद्दी समाजाच्या कौदीची (ठिगळांच्या वाकळीची) पद्धत आठवते, हल्याळ, यल्लापूर आणि खानापूरच्या जंगलपट्ट्यातली. त्यात शिवण कडेपासून सुरू होऊन फेऱ्याफेऱ्यांनी मध्याकडे जाते, आणि कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाची फुलं बसवतात. आपल्या उलट. कारण सरळ आहे. कौदीत ठिगळं आधी जोडलेली नसतात, प्रत्येक ठिगळ धावदोऱ्याने थेट थरांवर बसतं, आणि शेवटी मध्ये उरेल तेवढ्या जागेचं ठिगळ कापता येतं. सैलपणा तिथे संपतो. आपला वरचा थर आधीच पुरा शिवलेला आहे, त्यामुळे सैलपणा कडेकडे ढकलून बाहेर काढावा लागतो. मध्याकडे शिवत गेलं तर तो मध्येच फुगा होऊन बसेल.

कोपऱ्यावरची फुलं मुद्दाम घेतली नाहीत. ती त्या बांधणीचा भाग आहेत; इथे नुसती चिकटवल्यासारखी दिसली असती.

२६ मार्च: टाका

कौलांच्या पानावरून. खानापूरच्या मातीची कौलं या भागात नवी नाहीत, आणि जुन्या घरावर एकाखाली एक ओळी, प्रत्येक ओळ वरच्या ओळीपेक्षा अर्ध्या कौलाने सरकलेली, अशी मांडणी दिसते. पट्ट्या सरळ आहेत म्हणून टाका वळणाचा हवा होता. सरळ पट्टीवर सरळ टाका घातला की शिवणीशी स्पर्धा लागते.

पुठ्ठ्याचा अर्धगोल, सहा इंच व्यासाचा. ओळी तीन इंचांवर, एकाआड एक ओळ तीन इंच सरकवून. पहिल्या ओळीची टोकं रांगेच्या शिवणीपासून दीड इंच खाली धरली. रांग सहा इंचांची असल्याने कमानींचे सांधे प्रत्येक रांगेत दीड आणि साडेचार इंचांवर येतात, शिवणीवर एकही नाही. जाड जोडावरून दोरा फक्त ओलांडून जातो, तिथे थांबत नाही.

तीन इंचांचं अंतर लुगड्यांच्या थरांना मोकळं पडतं. कापूस भरलेला नाही, नुसतं कापडावर कापड आहे, ते धुताना आत सरकून गोळा होतं. म्हणून प्रत्येक कमानीच्या आत दीड इंच त्रिज्येची दुसरी कमान. कौलाला अशी रेष नसते. असली काय आणि नसली काय, थर धरून ठेवणं आधी.

आखायला आंघोळीच्या साबणाची झिजलेली वडी. लालावर पांढरी रेष स्पष्ट दिसते, पहिल्या पाण्यात जाते. शिंप्याचा खडू दुमडताच पुसला जातो.

२८ मार्च ते ३० एप्रिल: हातशिलाई

बाहेरच्या कमानी सुमारे ५९ मीटर, आतल्या ३०. दोरा दीडपट धरायचा, म्हणजे एकेरी १३५ मीटरच्या आसपास. एकेरी जाड सुती दोरा, मेणावरून ओढलेला. दुहेरी बारीक दोरा नको, तो पीळ खाऊन गाठी मारतो. दोऱ्याची लांबी हाताच्या वावेपेक्षा जास्त घेतली की शेवटचा भाग कापडातून ये-जा करून विरतो.

दाभण वापरायची नाही, भोकं राहतात. मध्यम लांबीची, बारीक नाकाची पण मजबूत सुई, मधल्या बोटात अंगुस्तान. इंचाला चार टाके वर दिसतील एवढे. जाड जोडावर एका वेळी एकच टाका, सुई उभी घालून. तिथे तीन टाके सुईवर भरायला गेलं की सुई वाकते आणि खालच्या बाजूला टाका सुटलेला असतो, जो धुतल्यावरच कळतो. दर दोन कमानींनंतर वाकळ उलटून पाठ बघायची.

गाठ मधल्या थरात ओढून लपवायची, पाठीवर ठेवायची नाही. अंगाखाली टोचते.

एप्रिलच्या उत्तरार्धात वळीव सुरू झाला. हवा दमट झाली की खळीचं कापड चिकटतं आणि सुई अडकते. सुईला अधूनमधून कोरडं फडकं.

३ मे: गोट (कडेची पट्टी)

घेर २८८ इंच, कोपरे आणि जोड धरून ३०० इंच. अडीच इंच रुंद पट्ट्या, अर्ध्या मीटरहून थोडं जास्त कापड, काळपट छटेतलं. वाकळीच्या कडा सरळ आहेत, उरेब गोट लावायची गरज नाही. सरळ धाग्यातला गोट ताणत नाही. पट्ट्या मात्र एकमेकींना तिरक्या जोडाव्यात, म्हणजे जोडाची जाडी एका जागी येत नाही. वरून मशीनने, पाठीमागे हाताने तुरपाई.

६ मे: धुणं

मोठ्या टपात थंड पाणी, साध्या साबणाचा चुरा, अर्धा तास भिजत, न घासता दाबून. पाण्यासोबत दोन पांढरी फडकी टाकली, सुटा रंग असला तर ती आधी पकडतात. फडकी पांढरीच निघाली. पिळायचं नाही, ओली वाकळ दोरीवर एका कडेने टांगली तर वजनाने टाके ओढले जातात. दोन दोऱ्यांवर आडवी पसरून, पाठ उन्हाकडे. पाऊस लागायच्या आत हे काम व्हायला हवं, नाहीतर खानापूरकडे वाकळ आठवडाभर वाळत नाही आणि मधल्या थराला वास धरतो.

धुतल्यानंतर माप ५९ × ८२½ इंच. काठाला दोन ठिकाणी हलक्या चुण्या, आखूड बाजूंवर. पुढच्या वेळी आखूड काठ तीनशे मि.मी.मागे दोन मि.मी. सैल धरायचा.

८ मे

उरलेलं: मध्यम लालाच्या अकरा पट्ट्या, काठाचे चार मीटर, एक पिशवी त्रिकोणी कापट्या. कापट्यांची कड उरेब आहे, त्यामुळे त्या आधाराच्या कापडाशिवाय जोडायच्या नाहीत. त्यांच्यासाठी सिमेंटच्या जाळीचं राखीव पान उघडलं आहे: चार इंचांचा चौकोन, एक कर्ण, देठाचा रंग फक्त मध्यावर. उशीचे दोन अभ्रे, १६ × २४ इंच, प्रत्येकी २४ चौकोन.